डुकरावाला

ज्यांचं काही हरवतं ते मंगळवारी दुसऱ्या आंतोनकडे जातात,
बाळ कडेवर घेतलेल्या, गुळगुळीत गालांच्या.
किल्ल्या, पासबुक, पोरीचा डावा झुमका,
तो शोधून देतो म्हणतात.
आमच्या बाळकूमच्या कपेलात तू. म्हातारा.
आडव्या मुठीची काठी, काठीला घंटा,
पायाशी डुक्कर.
तुझ्याकडे हरवलेलं मागायला कोण येणार?
तू होतं तेच घालवलंस, आणि मुद्दाम.

उद्या सतरा तारीख, तुझा सण.
इनासनं किल्ली दिली, म्हणाला,
डुकराचा कान जपून पूस, फेविकॉलनं चिकटवलाय.
खोबरेलाचा बोळा घेऊन बसलेय मी.
सागाला तेल लागलं की तू जरा तरणा दिसतोस,
विशीतला,
आईबाप नुकतेच गेलेले,
नाईलकाठची दोनशे एकर काळी जमीन नावावर
आणि घरात एक धाकटी बहीण.

पाद्री दर वर्षी सांगतात:
तू देवळात शिरलास, वाचन चाललं होतं,
असेल ते विकून टाक, गरिबांना दे, माझ्या मागून ये.
तू विकलंस.

आमच्याकडेही विकलं सगळ्यांनी.
आगेराला जिथली पहिली लोंबी कापायचो
त्या खाजणात बत्तीस मजले उभे आहेत,
गेटवर आमच्याच पोरांना विचारतात, कोणाकडे जायचंय.
हाक कुणाची आली होती ते नको विचारूस.
पास्कूनं काळी स्कॉर्पिओ घेतली,
मागच्या काचेवर आंतोन लावला,
तोही दुसराच.

डुकरं गेली त्याच वर्षी. मागीलदारी तीन होती आमची.
टॉवरवाल्यांना वास यायचा.
गावातलं शेवटचं, बघ, तुझ्या पायाशी.

तुझं सगळं लिहून ठेवलंय कुणी कुणी.
थडग्यात राहिलास, सैतान सिंह होऊन आले, विंचू होऊन आले,
तू म्हणालास, एवढे जण कशाला, एकानं भागलं असतं.
पडक्या गढीत वीस वर्षं. लोकांनी दार मोडलं
तर बाहेर आलास ना सुटलेला ना वाळलेला.
एकशे पाच वर्षं जगलास.
पुरलं कुठे ते सांगू नका, हेही लिहिलंय.

बहिणीचं इतकंच:
तिच्यापुरतं थोडं राखलं होतंस.
मग पुन्हा देवळात गेलास, पुन्हा वाचन,
उद्याची चिंता करू नका.
तेही वाटून टाकलंस,
तिला कुमारिकांकडे पोचवलंस.
नाव नाही.

मी सही केली मार्चमध्ये.
हक्कसोडपत्र, पाच पानं.
रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोटो काढला,
डोळे मिटलेले आले. चालतं, म्हणाला तो.
नाव मात्र पुरं होतं, चार ठिकाणी,
रोझालीन बस्त्याव मिनेझिस.
बाहेर पास्कूनं उसाचा रस पाजला, बर्फ न घालता,
माझा घसा धरतो ते त्याला आठवलं.
तेवढं खरं.

तू निघालास तेव्हा ती दारात होती का?
काही म्हणाली?
म्हातारपणी भेटलास म्हणे तिला,
तिच्या हाताखाली बऱ्याच बायका होत्या तेव्हा.
पाहून तुला आनंद झाला, असं लिहिलंय.
तिला काय झालं, त्यावर
अर्धी ओळसुद्धा नाही रे.

काठी झाली. दाढी झाली. घंटेच्या आतला कोळ्याचा जाळाही निघाला.
घरी फुग्यांचं पीठ भिजतंय, उशीर करून चालणार नाही.

आणि हा कान.
मी ओढला नाही. बोळा लागला नि सुटला,
लाकडाचा, शेंगदाण्याएवढा.
पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय, चेन लावून.
इनासनं विचारलं उद्या
तर त्याला दुसऱ्या आंतोनकडे पाठव.